टोपलीत टोमॅटो का नाही : सभासदाच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार मॅडम,

आमच्या शेतातून सभासदांना दर आठवड्याला भाजीची जी टोपली येते तिच्यात दोडका-दुधीच, टोमॅटो-फ्लॉवर एकदाही नाही, मेथी-कोथिंबीर दोन दिवसांत काळी, मुळ्याच्या पाल्याला भोकं आणि पैसे मात्र हंगामाचे आगाऊ, अशी तुमची तक्रार आहे.

शेत मुळशीत आहे. जुलै-ऑगस्टच्या पावसात तिथे पानं कोरडी होतच नाहीत, त्यामुळे उघड्यावरच्या टोमॅटोवर करपा हा बुरशीचा रोग हमखास येतो. तो रोखायचा तर बुरशीनाशकाच्या फवारण्या लागोपाठ घ्याव्या लागतात. त्या आम्ही घेत नाही, म्हणून या दिवसांत टोमॅटो लावतही नाही. फ्लॉवरचा गड्डा अशा पावसात सडतो. वेलभाज्या मांडवावर असतात, खालून वारा खेळतो, फळ चिखलाला टेकत नाही. म्हणून त्या टिकतात. त्यातही दोडका दिवसाआड तोडावाच लागतो, नाहीतर जून होऊन आत जाळी धरतो. तो वारंवार येतो त्याचं कारण एवढंच.

पालेभाजी पावसात ओलीच निघते. ती प्लास्टिकच्या पिशवीत तशीच फ्रिजमध्ये गेली की आत पाणी सुटतं आणि सड मधल्या काड्यांपासून सुरू होते. टोपली आल्या आल्या जुडी सोडा, पिवळी आणि चिखलाची पानं काढा. धुवू नका. सुती पंचावर पसरून पंख्याखाली तासभर ठेवा, मुळं कापा, कोरड्या सुती कापडात गुंडाळून डब्यात घाला. कापड दमट झालं की बदला. धुणं चिरायच्या वेळी. अशी कोथिंबीर साधारण आठवडाभर राहते, निवडलेली मेथी तीन-चार दिवस. पालक मात्र आधी संपवा. पिकलेली केळी शेजारी नकोत, त्यांच्या वायूने पानं लवकर पिवळी पडतात.

भोकं बारीक भुंगेऱ्यांची. त्यांच्यावर 5 टक्के निंबोळी अर्क मारतो (100 लिटर पाण्याला 5 किलो निंबोळीची भुकटी), पण एक जोराची सर आली की तो धुऊन जातो. असा पाला खायला चालतो. चिकट किंवा वास येणारा टाकून द्या.

पैसे आगाऊ घेतो कारण बियाणं, मांडवाचे बांबू, तार आणि मजुरी यांचा खर्च मे-जूनमध्येच होतो. पीक कमी आलं तर टोपली हलकी, भरपूर आलं तर जड. सभासदाचा हिस्सा पिकात असतो, ठरावीक किलोंत नाही. फक्त स्वस्त भाजी हवी असेल तर मंडई बरी, हे आम्ही नाव नोंदवतानाच सांगतो.

रविवारी संध्याकाळी ग्रुपवर भाज्यांची यादी येते. मंगळवारी सकाळपर्यंत कळवलंत तर बुधवारच्या टोपलीत दोन भाज्या बदलून मिळतील. दोडक्याऐवजी सध्या अळू किंवा लाल माठ देता येईल. टोमॅटोची रोपं ऑगस्टअखेर लागतील, पहिला तोडा नोव्हेंबरच्या सुरुवातीला. तोवर थांबायचं नसेल तर हिस्सा प्रतीक्षा यादीतल्या कुटुंबाला देऊन उरलेल्या आठवड्यांचे पैसे परत करू.