परवान्याची बंदूक आणि मानसोपचार: एका संदेशाचा प्रतिवाद

बँकेच्या दारात स्वतःची बारा बोअरची बंदूक घेऊन उभे राहणारे माजी सैनिक आणि रानडुकरांपासून शेत राखण्यासाठी परवाना घेतलेले कोकणातील शेतकरी यांना उद्देशून एक संदेश फिरतो आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडे एकदा गेलात की सरकारदरबारी नाव लागते, परवाना कायमचा जातो, तेव्हा उपचार टाळा किंवा लपवा, असे त्यात म्हटले आहे.

उपचार म्हणजेच अपात्रता, हा पहिला दावा. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १४ नुसार 'विकल मनाच्या', म्हणजे मानसिक संतुलन नसलेल्या, व्यक्तीला परवाना नाकारता येतो आणि कलम १७ नुसार दिलेला परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. उपचार घेणे हे कारण या दोन्ही कलमांत नाही. शिवाय २९ मे २०१८ पासून अमलात असलेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ चे कलम ३ सांगते की, सक्षम न्यायालयाने तसे घोषित केल्याखेरीज केवळ मानसिक आजाराच्या निदानावरून कोणालाही विकल मनाचे समजता येणार नाही, आणि पूर्वी उपचार घेतले किंवा रुग्णालयात राहावे लागले एवढ्यावरून आजचे निदान ठरवता येणार नाही.

मात्र संदेशात तथ्याचा एक कण आहे, तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. शस्त्र अधिनियमाच्या त्याच दोन कलमांत 'अन्य कोणत्याही कारणाने अयोग्य' असे मोघम शब्द आहेत आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार अर्जासोबत मानसिक व शारीरिक आरोग्याचे, तसेच व्यसनाधीनता नसल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. शेजाऱ्यावर बंदूक रोखणाऱ्याचा परवाना प्रशासन काढून घेईलच, आणि तो घ्यावाच. पण तेथे प्रश्न त्याच्या वागण्याचा असतो, त्याच्या औषधांचा नव्हे. अधिकाऱ्याला कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि शस्त्र अधिनियमाच्या कलम १८ खाली अपील करता येते.

नाव लागते, हा दावा तर निराधार आहे. परवानाधारकांची राष्ट्रीय नोंद आहे, पण ती परवान्यांची आहे, रुग्णांची नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाचे कलम २३ रुग्णाची माहिती गोपनीय ठेवते. दुसऱ्याच्या जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश अशा मोजक्या प्रसंगीच ती उघड करता येते. ही कल्पना बहुधा अमेरिकेतून आली असावी. तेथे शस्त्रखरेदीपूर्वीच्या तपासणीत मनोरुग्णालयात सक्तीने दाखल केल्याच्या नोंदी पाहिल्या जातात खऱ्या, परंतु १९६८ च्या तेथील संघीय कायद्यानेही स्वेच्छेने डॉक्टरांकडे जाणाऱ्याला केवळ त्या कारणासाठी अपात्र ठरवलेले नाही.

राहिला लपवण्याचा सल्ला. निवडणुकीत पोलीस ठाण्यात बंदूक जमा करणाऱ्यांना ठाऊक आहे की बंदूक काही काळ घराबाहेर राहिली म्हणून परवाना जात नाही; तेव्हा उपचारांच्या काळात ती दूर ठेवावी लागेल या भीतीने आजार लपवण्याचे कारण नाही. याउलट महत्त्वाची माहिती दडवून परवाना मिळवला असेल, तर शस्त्र अधिनियमाचे कलम १७ त्याच कारणासाठी तो रद्द करण्याची मुभा देते.