अर्धं पत्र

सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड बघितला आणि हातातला चहा गार झाला. लिंकनचा फोटो, खाली त्याच्या पत्रातल्या दोन ओळी आणि त्यावर आमच्याच एका हुशार मित्राची पुस्ती: "घ्या तुमचा गुलामांचा कैवारी! याला फक्त देश एक ठेवायचा होता, गुलाम गेले खड्ड्यात." बारा अंगठे, दोन हसरे चेहरे. उत्तर लिहायला घेतलं, ते काही चार ओळींत मावेना, म्हणून इथे लिहितोय.

गंमत बघा. आपल्याकडे अर्ध्या शाळांच्या भिंतींवर लिंकनने हेडमास्तरांना लिहिलेलं म्हणून जे पत्र टांगलेलं असतं, ते त्याने लिहिल्याचा कुठेही पुरावा नाही. ते आपण फ्रेम करतो. आणि जे त्याने खरंच लिहिलं, ते अर्धं कापून फिरवतो.

पत्र खरं आहे. २२ ऑगस्ट १८६२. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं: गुलामी टिकवायला दक्षिणेतली राज्यं संघराज्यातून फुटली होती आणि राष्ट्राध्यक्ष लिंकन ती परत आणायला लढत होता. न्यूयॉर्क ट्रिब्यूनचा संपादक होरेस ग्रीली याने लिंकनला जाहीरपणे झोडपलं होतं की गुलामीवर घाव घालायला एवढा का कचरतोस. त्याला हे उत्तर. एकाही गुलामाला न सोडता संघराज्य वाचत असेल तर तसं करीन, सगळ्यांना सोडून वाचत असेल तर तसं करीन, काहींना सोडून आणि काहींना तसंच ठेवून वाचत असेल तर तसंही करीन. फॉरवर्ड इथे संपतो. पत्र संपत नाही. शेवटी तो म्हणतो, हे मी माझ्या पदाचं कर्तव्य सांगितलं. सगळीकडची सगळी माणसं स्वतंत्र असावीत ही माझी स्वतःची इच्छा मी अनेकदा बोलून दाखवली आहे, तिच्यात काडीचा बदल नाही.

आणि हे लिहिताना त्याच्या ड्रॉवरमध्ये काय होतं? मुक्तीच्या जाहीरनाम्याचा, म्हणजे बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त करणाऱ्या हुकमाचा मसुदा! बरोबर महिन्यापूर्वी, २२ जुलैला, त्याने तो मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता. परराष्ट्रमंत्री सेवर्ड म्हणाला, आत्ता आपण हरतोय, आत्ता काढलात तर पळणाऱ्याची शेवटची किंकाळी वाटेल; आधी एखादी लढाई जिंका. म्हणून कागद आत गेला. १७ सप्टेंबरला अँटिटमची लढाई झाली, एका दिवसात दोन्हीकडचे मिळून सुमारे २३,००० मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. विजय तरी कसला, शत्रू मागे सरकला इतकंच. पण तेवढ्यावर पाचव्या दिवशी, पुन्हा २२ तारखेलाच, कागद बाहेर आला.

याला ढोंग म्हणायचं? ज्याने आयुष्यात कधी चार माणसं एकत्र धरून ठेवलेली नाहीत त्याने खुशाल म्हणावं.

मी धरलीत. जुने मित्र हसतील, पण सहा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होतो. सात मजले, अठ्ठावीस घरं, एक लिफ्ट. लिफ्टशेजारी माझ्या आधीच्या कमिटीने लावलेला पत्र्याचा बोर्ड: 'घरकामाच्या बायकांनी लिफ्ट वापरू नये. हुकमावरून.' मला तो पहिल्या दिवसापासून डाचत होता. आमच्याकडे सहाव्या मजल्यावर येणाऱ्या मावशी तिसऱ्या मजल्यावर वाळूच्या लाल बादल्यांशेजारी पायरीवर बसायच्या, दोन्ही हातांनी गुडघा धरून. पण तेव्हाच रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू होती आणि चौथ्या मजल्यावरच्या काकांच्या शब्दावर सहा घरं हलायची. काकांचा बोर्डावर जीव. बोर्डाला हात लावला असता तर सहा सह्या गेल्या असत्या. म्हणून मी ठरवलं, आधी सह्या, मग बोर्ड.

लिंकनची चौथ्या मजल्यावरची मंडळी म्हणजे केंटकी. गुलामी असलेली पण संघराज्यातून न फुटलेली चार राज्यं होती: केंटकी, मिसूरी, मेरीलँड, डेलावेअर. १८६१ च्या ऑगस्टअखेर लिंकनच्याच जनरल फ्रेमाँटने मिसूरीत बंडखोरांचे गुलाम परस्पर मुक्त करून टाकले, तर लिंकनने तो हुकूम बदलायला लावला. केंटकी गेलं म्हणजे जवळजवळ सगळा डाव गेला, असं त्याने एका मित्राला लिहिलं. केंटकी गेलं असतं आणि युद्ध हरलं असतं तर कोणाला सोडवणार होतात? हे ग्रीलीला कळत नव्हतं. अग्रलेख लिहिणाऱ्याला सह्या गोळा कराव्या लागत नाहीत.

मान्य, जाहीरनाम्याने ही चार राज्यं वगळली आणि तिथले चार लाखांहून जास्त गुलाम कागदोपत्री गुलामच राहिले. आणि हेही मान्य (हे लिहायला जड जातंय) की त्याच ऑगस्टमध्ये त्याने काळ्या पुढाऱ्यांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून, तुम्ही मध्य अमेरिकेत वस्ती करा, इथे आपलं जमणार नाही, असं ऐकवलं. ज्यांच्या घामावर तो देश उभा होता त्यांना! याचं समर्थन मी करणार नाही.

मावशी मला रोज विचारायच्या, "दादा, झाली का हो मीटिंग?" मी म्हणायचो, होईल, होईल.

चौदा महिने.

इथपर्यंत लिहून मघाशी थांबलो, जेवून आलो. आता वाचताना वाटतंय की मी लिंकनची बाजू मांडतोय की माझी? कारण गेली कित्येक वर्षं हा विषय निघाला की मी हेच पत्र लोकांच्या तोंडावर मारत आलोय. लिंकनलासुद्धा थांबावं लागलं होतं, बरं का! पण लिंकनने मसुदा लिहून ड्रॉवरमध्ये ठेवला होता. माझ्या ड्रॉवरमध्ये काय होतं? लिफ्टच्या मेंटेनन्सच्या पावत्या.

आणि लिंकन एकदा बाहेर काढलेल्या कागदावर टिकला, हे त्या फॉरवर्डवाल्यांना माहीतच नसतं. १८६४ चा ऑगस्ट. त्याचा सेनापती ग्रँट व्हर्जिनियात पीटर्सबर्गपुढे अडकलेला, लोक युद्धाला विटलेले, निवडणूक तोंडावर. त्याच्याच पक्षाचे लोक सांगत होते, गुलामीचा आग्रह सोडा, नुसत्या एकीवर तह करा, नाहीतर पडाल. आपण पडणार असं त्यालाही वाटत होतं, तसं लिहून, आतला मजकूर मंत्र्यांना न दाखवता, त्याने त्या कागदावर त्यांच्या सह्या घेतल्या. तोही डगमगला. दक्षिणेने एकी देऊ केली आणि गुलामीबद्दल चकार शब्द काढला नाही तर मी काय करीन ते बघा तरी, असं सुचवणारं एक पत्र त्याने लिहिलं. ते दाखवलं कोणाला? फ्रेडरिक डग्लसला, जो स्वतः गुलामीतून पळून आला होता. डग्लस म्हणाला, पाठवू नका. पत्र पाठवलं नाही. ऐन मोक्याला त्याने जिन्यावर बसलेल्या माणसाला विचारलं. मी चौदा महिन्यांत मावशींना एकदाही विचारलं नाही. काकांना मात्र चहाला दर रविवारी बोलवायचो.

याच डग्लसने १८७६ मध्ये, लिंकनच्या पुतळ्याच्या अनावरणाला, राष्ट्राध्यक्ष ग्रँट समोर असताना सांगितलं की गुलामीविरोधकाच्या जागेवरून बघितलं तर लिंकन संथ, थंड आणि बेफिकीर दिसतो. देशाच्या एकूण मताच्या मानाने बघितलं तर वेगवान आणि जहाल. दोन्ही एका दमात. आणि आम्ही ग्रुपवर एक अर्धं पकडून बारा अंगठे गोळा करतो. मीसुद्धा इतकी वर्षं दुसरं अर्धं पकडून बसलोच होतो की.

आपल्या जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, एकट्या लिंकनला नव्हे. आधी मला हे जरा खटकायचं. आता नाही. लिंकनने मसुदा वाचून दाखवला त्याच्या वर्षभर आधी, मे १८६१ मध्ये, व्हर्जिनियातले तीन गुलाम रात्री होडीतून फोर्ट मनरोला, उत्तरेच्या ताब्यातल्या किल्ल्यावर, पोचले होते. मालकाचा माणूस मागायला आला तर तिथला जनरल बटलर म्हणाला, हा युद्धात जप्त केलेला माल आहे, देत नाही. माणसांना माल म्हणाला, पण दिले नाहीत. ते कळताच मागून शेकडो आले, मग हजारो. जाहीरनामा निघेपर्यंत कितीतरी जण स्वतःच्या पायांनी निघून आले होते.

आता एक सांगतो, बायकोलाही नीट सांगितलेलं नाही. बोर्ड मी काढला, असं मी सगळीकडे सांगत आलोय. स्क्रू मी काढले हे खरं. पण त्याच्या आठवडाभर आधी, जुलैत, धो धो पावसात मावशी आणि सातव्या मजल्यावर काम करणाऱ्या दोघीजणी भिजलेल्या छत्र्या घेऊन सरळ लिफ्टमध्ये शिरल्या. वॉचमन मोबाइलमध्ये बघत बसला. काकाही आत होते. ते काही बोलले नाहीत, फक्त छत्रीचं पाणी चपलेवर पडू नये म्हणून पाय मागे घेतला. सह्या कोणी मागे घेतल्या नाहीत.

मी दार उघडलं. मावशी नेहमीपेक्षा दहा मिनिटं लवकर आल्या होत्या. पदराने तोंड पुसलं, छत्री बाथरूममध्ये उभी केली आणि थेट भांड्यांकडे गेल्या. मीटिंगचं त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही.