भुसावळ सोडून पीजेच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. भुसावळला उभी नोकरी ऑपरेटिंगमध्ये काढलेला माणूस माझ्या प्लायवरच्या गाडीबद्दल इतकं सविस्तर लिहितो, याचंच मला अप्रूप. भाषा जरा कडक आहे, पण तेवढं चालायचंच.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. घरच्या घरी साधा रेल्वे लेआउट, म्हणजे प्लायवर धावणारी छोटी मॉडेल रेल्वे, कसा उभारायचा, यावर मागे लिहिलं होतं. माझा लेआउट पाचोरा-जामनेर (पीजे) या अरुंद रुळांच्या, म्हणजे नॅरोगेज लाइनीचा. त्यावर काकांचं म्हणणं असं: भुसावळसारखं जंक्शन उशाशी असताना नॅरोगेज कशाला? गाडी नुसती गोल-गोल फिरते, अशी रेल्वे कुठे असते? सिग्नल एकही नाही. आणि एकूण हा पैसेवाल्यांचा पोरखेळ आहे.

गेजपासून सुरुवात करतो, कारण खरं भांडण तिथंच आहे.

गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर; ब्रॉडगेजचं, म्हणजे रुंद रुळांचं, ते १६७६ मि.मी. मॉडेलचं एचओ स्केल म्हणजे १:८७, खऱ्याच्या ८७ पट लहान. भागाकार केला की सव्वाएकोणीस मि.मी. येतात. बाजारात एचओचा रूळ मिळतो तो साडेसोळाचा, कारण तो युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मि.मी. गेजसाठी बनवलेला असतो. त्यावर आपलं डब्ल्यूएपी-४ हे विजेवरचं इंजिन चढवलं की थोराड माणूस पाय जुळवून उभा राहावा तसं दिसतं.

तेही खपवून घेतलं असतं. पण वळणाचं काय करायचं? ब्रॉडगेजवर जास्तीत जास्त १० अंशांचं वळण चालतं, म्हणजे त्रिज्या १७५ मीटर. हे तुम्हाला मी सांगायला नको. याला ८७ ने भागलं तर दोन मीटर त्रिज्या उरते. गाडी नुसती वळवून परत आणायची म्हटलं तरी खोली चार मीटरपेक्षा रुंद हवी. माझी गच्चीवरची पत्र्याची खोली दहा बाय बारा फुटांची. शिवाय २४ डब्यांची मेल या मापात सहा मीटरच्या वर जाते. मग काय करायचं, मेलला पाच डबे लावायचे आणि भुसावळचं यार्ड तीन लाइनींत उरकायचं? तुम्ही ज्याला पोरखेळ म्हणता तो मला याच्यात दिसतो.

आता पाचोरा-जामनेर घ्या. गेज ७६२ मि.मी., भागिले ८७, उत्तर पावणेनऊच्या आसपास. एन स्केल या आणखी लहान मापाचा नऊ मि.मी.चा रूळ तयार मिळतो. फरक पाव मिलिमीटरचा, तो तुमच्या डोळ्यालाही दिसणार नाही. नॅरोगेजला ४० अंशांपर्यंत वळण चालतं, त्रिज्या ४४ मीटर. ती होते जेमतेम अर्धा मीटर. चार फूट रुंदीच्या प्लायवर असं वळण दोन्ही कडांना जागा सोडून बसतं. मापात खोटं न बोलता माझ्या खोलीत मावणारी खान्देशातली रेल्वे ही एकच होती. तिच्यावर माझं प्रेम आहे ते वेगळं. कोरोनात बंद पडली ती परत धावलीच नाही, याची हळहळ पाचोऱ्यापासून शेंदुर्णी, पहूरपर्यंत कुणालाही विचारा. (५६ किलोमीटरचा अख्खा मार्ग मात्र मी घातलेला नाही. त्याला ६४४ मीटर रूळ लागेल आणि घरातून हकालपट्टी होईल.)

एन स्केलच्या रुळाचे स्लीपर बारीक आणि दाट असतात, हे तुमचं निरीक्षण मात्र अचूक. म्हणून खडी जरा वर चढवून ते अर्धे बुडवलेत.

गोल फिरण्याबद्दल. नवशिक्यानं अंडाकृतीच घालावी, या मतावर मी ठाम आहे. रुळाचा सांधा कुठे उचललाय, रूळ जोडणाऱ्या कुठल्या जॉइनरमधून करंट नीट जात नाही, कुठला डबा वळणावर उतरतो, हे गाडी सलग फिरत राहिली तरच कळतं. ते एकदा मार्गी लागलं की अर्धा गोल पडद्याआड घालायचा. माझ्याकडे मधे उभा सनबोर्ड (हलका फोमचा फळा) आहे, पुढे स्टेशन, मागे काहीच नाही. गाडी कपाशीच्या शेतापलीकडे नाहीशी होते, मागे थोडी थांबते आणि परत येते. स्टेशनात लूप (मुख्य लाइनीला दोन्ही टोकांना जोडलेली बाजूची लाइन) आहे, रूळ बदलायचे दोन काटे आहेत. इंजिन सुटतं, लूपमधून मागे जातं, दुसऱ्या टोकाला जोडलं जातं आणि मगच गाडी परत निघते. याला तरी तुम्ही नुसतं फिरणं म्हणणार नाही.

आणि सिग्नल? तुमच्याच नियमपुस्तकात ‘वन ट्रेन ओन्ली’ नावाची पद्धत आहे ना? छोट्या शाखामार्गावर एका वेळी एकच गाडी, दुसरी आत सोडायचीच नाही. माझ्याकडे इंजिनच एक आहे. धडकायचं कुणाशी?

खरी डोकेदुखी निघाली ती आपल्या हवेची, आणि त्याबद्दल तुम्ही अक्षरही लिहिलं नाहीत. रूळ जर्मन सिल्व्हरचा. पत्र्याच्या खोलीत जानेवारीच्या पहाटे १२ अंश, मे महिन्यात दुपारी ४५. आठ फुटांच्या सरळ लाइनीत एवढ्या फरकानं सव्वा मिलिमीटरच्या वर वाढ होते. हिवाळ्यात सगळे सांधे घट्ट जुळवून टाकले तर उन्हाळ्यात रूळ आडवा फुगतो, अगदी तुमच्या खऱ्या लाइनीवर फुगतो तसाच. म्हणून थंडीत काम करताना प्रत्येक सांध्यात जाड कागदाएवढी फट सोडायची. अशा सांध्यातून करंटचा भरवसा राहत नाही, तेव्हा रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर डाखायची. वायर पातळ चालते, पण आळस चालत नाही.

खडीसाठी गिरणा नदीची वाळू पिठाच्या चाळणीतून काढली. (चाळणी नवी आणून दिली, हेही नोंदवतो.) चाळलेली वाळू कागदावर पसरून तिच्यावरून लोहचुंबक फिरवा. चुंबकाला काळी मिशी फुटते. काळ्या खडकाच्या मुलखातली वाळू, तिच्यात लोहाचे कण असणारच. ते तसेच राहिले तर मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात आणि इंजिन कुरकुरत बंद पडतं. चुंबक स्वच्छ निघेपर्यंत हे करायचं, मग वाळू रुळात पसरायची, वर निम्मं पाणी घातलेलं फेविकॉल ड्रॉपरनं सोडायचं. त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब हवाच, नाहीतर पाणी वाळूवर गोळे होऊन बसतं, आत मुरत नाही. रुळाच्या माथ्यावरची धूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्यानं पुसा. पॉलिशपेपर लावू नका. त्याच्या ओरखड्यांत मळ आणखी जमतो.

राहिला पैसा. रूळ, काटे आणि इंजिनाची यंत्रणा विकतच घ्यावी लागते आणि ती महाग आहे, त्यात दुमत नाही. पण प्लाय सुताराकडचा उरलेला, स्टेशनच्या भिंती जाड लग्नपत्रिकांच्या (त्या आपल्याकडे कधी कमी पडत नाहीत), सात फुटी दरवाजा साडेचोवीस मि.मी.चा, ब्लेडनं कापलेला. गाडी बारा व्होल्ट डीसीवर चालते, त्यामुळे लाइट गेली तरी बॅटरीवर काम भागतं. आमचा एक मित्र तुमच्यासारखंच म्हणाला होता, “काय भो, या वयात आगगाडी?” हाच गडी हिवाळाभर दर रविवारी भरीत पार्टीला मळ्यात असतो. त्याच्या वांग्यांचा आणि पेट्रोलचा हिशेब मी कधी मागितला नाही.

आता एक काम तुमच्याकडे आहे. जामनेर स्टेशनचे समोरून काढलेले फोटो माझ्याकडे आहेत, मागच्या बाजूचा एकही नाही. तुम्ही कधी तिकडे ड्युटीवर गेला असाल तर एवढं सांगा: मालधक्का लाइनीच्या कुठल्या अंगाला होता, आणि इंजिन फिरवायच्या लूपमध्ये किती डबे मावायचे? तिथं मी अजून खिळा ठोकलेला नाही.