‘दोनच घेतलेत, घर इथंच तर आहे’

पिऊन गाडी चालवणं कधी समर्थनीय ठरू शकतं का? ‘कधीच नाही’ असं ठोकून दिलं की लाइक भरपूर मिळतात. माझं उत्तर ‘हो, ठरू शकतं’ असं आहे. पण लोक रोज जी कारणं देतात त्यातलं एकही त्यात बसत नाही. जे बसतं ते शेवटी सांगतो. आधी नेहमीच्या कारणांचा हिशेब, तोही आकड्यांत, कारण पिणाऱ्याला उपदेश केला की तो चकणा पुढं सरकवतो आणि विषय बदलतो.

आपल्याकडं मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. आपली व्हिस्की-रम ४२.८ टक्क्यांची असते आणि अल्कोहोलचं वजन मिलीमागं ०.७९ ग्रॅम. म्हणजे ३० मिलीच्या स्मॉल पेगमध्ये १० ग्रॅम, ६० मिलीच्या लार्जमध्ये २०, १८० मिलीच्या चपटीत ६०. आता बिअर. ६५० मिलीची ५ टक्क्यांची साधी बाटली म्हणजे जवळपास २६ ग्रॅम. स्ट्राँग ८ टक्क्यांपर्यंत जाते, तिच्यात ४१ ग्रॅम. ‘दारूला हात लावला नाही, एक स्ट्राँग घेतली फक्त’ म्हणणारा माणूस चार स्मॉल पेग पिऊन उठलेला असतो.

हे ग्रॅम रक्तात किती होतात याचं सूत्र जवळपास शंभर वर्षं जुनं आहे. अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात पसरतं, म्हणून वजनाला पुरुषासाठी ०.६८ नं आणि बाईसाठी ०.५५ नं गुणायचं आणि त्यानं ग्रॅमला भागायचं. ७० किलोचा पुरुष, एक लार्ज : २० भागिले ४७.६, म्हणजे ०.४२. १०० मिलीला ४२ मिलिग्रॅम. एका लार्जमध्ये मर्यादा ओलांडली! त्याच माणसाचा एका स्ट्राँग बिअरनंतरचा आकडा ८६, चपटीनंतर सव्वाशेच्या पुढं. ५५ किलोची बाई एका लार्जमध्ये ६५ च्या पुढं जाते. हे आकडे वरच्या टोकाचे आहेत. पोटात जेवण असेल, तास-दीड तास लावून प्यायलं असेल तर प्रत्यक्षातला आकडा खाली येतो, पण किती खाली ते टेबलावर बसून कुणालाच सांगता येत नाही. म्हणून ‘दोन घेतले तरी मी लिमिटमध्येच असतो’ या वाक्याला अंदाजापलीकडं आधार नाही.

अमेरिकेहून सुट्टीला आलेले पाहुणे इथं फसतात. त्यांच्याकडं बहुतेक राज्यांत ८० ची मर्यादा आहे, त्यांचा ‘दोन ड्रिंक चालतात’ हा हिशेब तिकडचा. इकडं तोच माणूस मर्यादेच्या दुप्पट-अडीचपट निघू शकतो.

दुसरं कारण, घर दहा मिनिटांवर आहे. अल्कोहोल ग्लास खाली ठेवल्या क्षणी रक्तात पोचत नाही. शेवटचा पेग पोटातून आतड्यात, तिथून रक्तात जायला अर्धा तास ते तास-दीड तास घेतो. मित्रांनी ‘वन फॉर द रोड’ म्हणून उभ्या-उभ्या भरलेला पेग तर नेमका स्टीअरिंग हातात असताना चढतो. हॉटेलच्या दारात जो माणूस ‘बघ, सरळ चालतोय’ म्हणून दाखवतो तो खरंच सरळ चालत असतो, पण वीस मिनिटांनी तो पुलावर असतो, आणि दारात दाखवलेलं सरळ चालणं तिथं कामाला येत नाही.

उतरण्याची गोष्ट याहून वाईट. यकृत तासाला १०० मिली रक्तामागं साधारण १५ मिलिग्रॅम काढतं, कुणाचं १०, कुणाचं २०. या वेगाला घाई करणारं काही नाही. काळी कॉफी, लिंबू, दही, कच्चा कांदा, डोक्यावर गार पाणी यांनी माणूस जागा होतो, रक्तातला आकडा जागचा हलत नाही. उलटी झाली तरी तेव्हा पोटात उरलेलं असेल तेवढंच बाहेर पडतं, रक्तात गेलेलं गेलं. आता शनिवारी रात्री दहाला बसून एकपर्यंत चार लार्ज घेतलेला ७० किलोचा माणूस घ्या. ८० ग्रॅम, आकडा १६८. सकाळी सहापर्यंत आठ तासांत १२० उतरले, उरले ४८. हा माणूस चार तास झोपलाय, आंघोळ झालीय, चहा झालाय आणि पोरांना मागं बसवून सिंहगडाच्या घाटाला लागलाय. त्याला कुणी ‘प्यायलायस का’ विचारलं तर तो मनापासून ‘काल रात्री’ म्हणेल. नाकाबंदी रात्रीची असते, सकाळी साडेसहाला फुंक मारायला कुणी सांगत नाही. मला विचाराल तर या सगळ्या विषयातला सगळ्यात दुर्लक्षित माणूस हाच.

फुंकण्याच्या यंत्राबद्दलही गैरसमज फार. आत फ्युएल सेल असतो, म्हणजे प्लॅटिनमचे दोन इलेक्ट्रोड. श्वासातलं अल्कोहोल त्यावर जळतं आणि त्यातून जी बारीक वीज निघते ती मोजली जाते. वास मोजला जात नाही. त्यामुळं बडीशेप, मसाला पान, पुदिन्याची गोळी यांनी हवालदाराचं नाक फसेल, यंत्र फसत नाही. फुप्फुसाच्या तळाची हवा लागते म्हणून लांब फुंकायला लावतात. हिशेब असा धरतात की २१०० मिली श्वासात जेवढं अल्कोहोल तेवढंच १ मिली रक्तात. एक तक्रार मात्र रास्त असते : अल्कोहोलवाल्या माउथवॉशनं नुकत्याच चुळा भरल्या असतील, होमिओपॅथीचे थेंब जिभेवर असतील, तर तोंडातल्या अल्कोहोलमुळं आकडा खोटा वर जातो. तो पंधरा मिनिटांत निवतो. तेव्हा शांतपणे ‘साहेब, पंधरा मिनिटांनी परत घ्या’ म्हणावं. खरंच प्यायला नसाल तर दुसरा आकडा शून्यावर येतो.

तिसरं कारण जरा अभ्यासू मंडळी देतात : थोडी घेतली की मी उलट जपून चालवतो. याला एक जुना आधारही सापडतो. अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स गावी १९६२-६३ मध्ये अपघातातले आणि अपघात न झालेले असे हजारो चालक तपासले, त्याचा अहवाल १९६४ मध्ये आला. त्यात अगदी कमी अल्कोहोल असलेल्यांचे अपघात शून्यवाल्यांपेक्षा किंचित कमी दिसले. झालं, ‘एक पेग हाताला स्थिर करतो’ची पालखी निघाली. कारण साधं होतं. थोडी पिऊन गाडी चालवणाऱ्यांत मध्यम वयाचे, रोज गाडी चालवणारे, मुरलेले चालक जास्त होते आणि शून्यवाल्यांत नवखी पोरं आणि म्हातारी माणसं जास्त. वय आणि सराव यांचा हिशेब वेगळा काढला की तो खळगा बुजतो. पुढं अमेरिकेतच अशीच मोठी पाहणी झाली, तिच्यात ५० ला धोका सुमारे १.४ पट, ८० ला २.७ पट आणि १०० ला पावणेपाच पट निघाला. चढ सुरुवातीला सौम्य आहे हे मी लपवत नाही. पण तो एकदा उभा झाला की कड्यासारखा होतो, आणि आपण त्या कड्याच्या कुठल्या पायरीवर आहोत हे ओळखणारी अक्कलच पहिली मंदावते. तराजूच बिघडलेला, आणि वजन त्याच्यावरच करायचं.

‘मला चढत नाही’वाल्यांचंही तेच. रोजच्या पिण्यानं झिंग जाणवेनाशी होते, जीभ अडखळत नाही. समोरून हेडलाइटचा झोत आल्यावर डोळा सावरायला लागणारा वेळ आणि एकाच वेळी आरसा, सिग्नल नि डावीकडून घुसणारी स्कूटर सांभाळण्याची ताकद ही सवयीनं परत येत नाही. ताशी ६० नं गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. पाय ब्रेकवर पडायला नुसता ०.३ सेकंद उशीर धरा, पाच मीटर गेले. म्हणजे एका हॅचबॅकच्या लांबीहून जास्त. रस्त्याच्या कडेला सायकल घेऊन उभ्या माणसाच्या बाबतीत सगळा निकाल या पाच मीटरमध्ये असतो.

कायदा थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ : पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत किंवा १५,००० किंवा दोन्ही. जागेवर पावती फाडून हे मिटत नाही, कोर्टात जावं लागतं. परवाना जप्त होतो आणि निलंबनासाठी आरटीओकडं जातो. कलमात ‘चालवताना’ इतकंच नाही, ‘चालवण्याचा प्रयत्न करताना’ही आहे. आणि १८८ कुणी वाचत नाही : १८५ च्या गुन्ह्याला जो मदत करतो किंवा चिथावतो त्यालाही तीच शिक्षा. ‘जा रे, काही होत नाही’ म्हणून किल्ली हातात ठेवणाऱ्या यजमानानं ते वाचून ठेवावं. विम्याचंही तसंच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जातो. श्वास तपासणी झालीच नव्हती हा बचावही टिकेलच असं नाही, इतर पुराव्यावरून नशा सिद्ध करता येते असं सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये सांगितलंय. ज्याला धडक दिली त्याला विमा कंपनीनं पैसे दिले तरी नंतर ते गाडीमालकाकडून वसूल होऊ शकतात.

वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली गेले. चालकाच्या रक्तात ११२ मिलिग्रॅम सापडलं. वरचा चपटीचा आकडा आठवा, हा त्याच्याही आतला आहे. जानेवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती निव्वळ निष्काळजी न मानता सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम ठेवली. प्यायलेल्या अवस्थेत बेदरकारपणे गाडी हाणली तर कुणाचा तरी जीव जाईल हे माणसाला ठाऊक असतं, असा त्याचा अर्थ.

आता ते एकच ‘हो’.

अडचणीच्या कृत्याला माफी देणारं कलम आपल्याकडं आहे. पूर्वी दंडसंहितेत ८१, आता भारतीय न्याय संहितेत १९ : मोठी हानी टाळण्यासाठी, वाईट हेतू नसताना, सद्भावनेनं केलेलं कृत्य गुन्हा ठरत नाही. त्याखाली जहाजाच्या कप्तानाचं उदाहरण दिलंय. समोर वीस-तीस माणसांची होडी, ती वाचवायला वळावं तर दोन माणसांची होडी बुडण्याचा धोका. त्या उदाहरणातले मोलाचे शब्द असे की कप्तान या पेचात ‘स्वतःची कोणतीही चूक किंवा हलगर्जी नसताना’ सापडलाय. आपली निम्मी कारणं इथंच गळतात. रात्री साडेबाराला रिक्षा मिळत नाही हे संध्याकाळी सातला गाडी काढताना माहीत होतं. ‘चौघांत मीच कमी प्यायलो’ हा पेच चौघांनी मिळून तयार केलाय. गोव्यात भाड्याची स्कूटर घेऊन शॅकवर बसलेल्यांना ‘टॅक्सी फार महाग पडते’ म्हणायची सोय नाही, टॅक्सीचे दर पहिल्या दिवशी दुपारीच कळलेले असतात.

उरतं ते असं. पावसाळ्यातली रात्र, मुळशीच्या पलीकडचं आडवळणी शेतघर, मुक्कामाचाच बेत, गाडी सकाळपर्यंत हलणारच नव्हती. दोघांनी घेतलीय. आणि तिसऱ्याला पडवीत घोणस चावली. इथंही स्टार्टर मारण्याआधी करायच्या गोष्टी आहेत. १०८ ला फोन : २०१४ मध्ये राज्यात ९३७ रुग्णवाहिकांनी ही सेवा सुरू झाली आणि त्यांत डॉक्टर असतो. लागत नसेल तर ११२. दुसरा माणूस टॉर्च घेऊन शेजारच्या वस्तीवर : पोलीस पाटील, आशाताई, दुधाची गाडी घेऊन पहाटे निघणारा, वडापवाला, कुणीही न प्यायलेला. तोवर चावलेला पाय फळीला सैल बांधून स्थिर, अंगठी-पैंजण काढलेले, चिरणं-चोखणं-आवळणं काही नाही, पेशंटला पायी चालवायचं तर मुळीच नाही. हृदयविकाराचा झटका असेल तर मागच्या सीटवर ऑक्सिजन नसतो, रुग्णवाहिकेत असतो, म्हणून तिथं थांबण्याचं पारडं आणखी जड.

हे सगळं करून हाती काहीच लागलं नाही, रेंज नाही, वस्ती रिकामी, तर गाडी काढावी. सगळ्यात कमी प्यायलेल्यानं. ताशी तीसच्या वर न जाता, काचा खाली, गाणी बंद, शेजारच्यानं फक्त रस्ता बघायचा आणि मोबाइलवर रेंज शोधायची. पुढं अडवलं तर प्यायलोय हे स्वतःहून सांगायचं आणि पेशंट दाखवायचा. आणि हे समर्थन दवाखान्यापर्यंतही पुरत नाही. वाटेत पहिली पेटलेली चूल, पहिलं उघडं दुकान, पहिला शुद्धीतला, गाडी चालवता येणारा माणूस दिसला की गाडी थांबवायची, किल्ली त्याच्या हातात द्यायची आणि आपण मागं पेशंटचा पाय धरून बसायचं.