‘स्मरणतंत्रे म्हणजे नव्या वेषातली घोकंपट्टी’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. शालेय मानसशास्त्राच्या परीक्षेसाठी स्मरणतंत्रे, म्हणजे आद्याक्षरांची वाक्ये किंवा मनातली चित्रे यांसारख्या लक्षात ठेवण्याच्या युक्त्या, वापरावीत, या माझ्या प्रतिपादनावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. या तंत्रांनी नावे पाठ होतात, पण उपयोजनाचा प्रश्न आला की विद्यार्थी अडतो, हा पहिला. संशोधकांनीच त्यांना खालचा दर्जा दिला आहे, हा दुसरा. आणि ती रचण्यात वेळ दवडण्यापेक्षा धडा तीन-चार वेळा शांतपणे वाचावा, हा तिसरा. आपण हा विषय वर्गात शिकवता, त्यामुळे पहिला आक्षेप अनुभवातून आलेला आहे हे मी जाणतो आणि त्यालाच अधिक जागा देतो.

नुसत्या आद्याक्षरांविषयी आपले म्हणणे मला मान्य आहे. पियाजेने सांगितलेल्या मुलांच्या बौद्धिक विकासाच्या चार अवस्थांची आद्याक्षरे गुंफून केलेले वाक्य क्रम सांभाळते, त्यापलीकडे काही करत नाही. स्थानपद्धतीचे मात्र तसे नाही. ओळखीच्या घरातून मनाने फिरताना ठिकठिकाणी एकेक चित्र ठेवायचे असते, आणि ते कोणते ठेवायचे हे विद्यार्थ्याच्या हाती असते. एरिक्सनच्या आठ मनोसामाजिक अवस्था घ्या, म्हणजे आयुष्याच्या आठ टप्प्यांवर माणसाच्या मनात चालणाऱ्या ओढाताणी. दारात तान्हे बाळ रडते आहे आणि कोणीतरी लगबगीने येऊन त्याला उचलून घेते. हा झाला विश्वास विरुद्ध अविश्वास. आत चपलांच्या कपाटापाशी दोन वर्षांचे मूल डाव्या पायात उजवा बूट चढवते आहे आणि मदतीला आलेला हात ढकलून देते आहे. ही स्वायत्तता विरुद्ध लज्जा व संशय. असे करत पाचव्या ठिकाणी आरशापाशी आलो की १५ वर्षांची मुलगी पुन्हा पुन्हा कपडे बदलून स्वतःकडे पाहताना दिसते, कारण आपण नेमके कोण हेच तिला ठरवता येत नाही. यातले प्रत्येक चित्र त्या त्या अवस्थेचे उदाहरणच आहे. त्यामुळे मित्रमंडळी बदलली की मतेही बदलणाऱ्या १६ वर्षांच्या मुलाचे वर्णन प्रश्नपत्रिकेत आले, तर विद्यार्थी आरशापर्यंत पोहोचतो तो प्रसंगातल्या साम्यामुळे. अवस्थेचे नाव त्याला तिथे गेल्यावर सापडते.

असे चित्र निवडण्यासाठी त्या अवस्थेत कशाची ओढाताण चालते हे आधी समजून घ्यावेच लागते. मानसशास्त्रज्ञ क्रेक आणि लॉकहार्ट यांनी १९७२ मध्ये मांडलेला प्रक्रियेच्या पातळ्यांचा विचार हाच आहे: शब्दाच्या रूपावर किंवा ध्वनीवर थांबलेली प्रक्रिया उथळ ठरते, अर्थापर्यंत गेलेली खोल ठरते आणि तिचा ठसा अधिक टिकतो. घोकंपट्टी आणि स्मरणतंत्र यांतली सीमारेषा मी इथे आखतो. ध्वनिसाम्यावर बेतलेली विनोदी चित्रे या रेषेच्या घोकंपट्टीकडच्या बाजूलाच राहतात, हे आपल्या बाजूने नोंदवतो.

अर्थात सगळीकडे घर बांधत बसण्याचे कारण नाही. ऋण प्रबलन (त्रासदायक गोष्ट काढून घेतल्याने वर्तन वाढणे) आणि शिक्षा (जिच्यामुळे वर्तन घटते) यांची गल्लत जवळजवळ प्रत्येक वर्गात होते आणि तिथे कोणतेही चित्र फारसे कामाचे नाही. दोन प्रश्न पुरतात. काही दिले गेले की काढून घेतले गेले? वर्तन वाढले की घटले? गाडीतला पट्टा लावताच कर्कश आवाज थांबतो, म्हणजे त्रासदायक गोष्ट निघून गेली आणि पट्टा लावण्याचे वर्तन वाढले. अर्थात हे ऋण प्रबलन.

दुसऱ्या आक्षेपाबाबत आपण डनलॉस्की आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या आढाव्याकडे बोट दाखवले आहे. त्यात अभ्यासाच्या १० पद्धती तपासल्या आणि सूचकशब्द पद्धतीची (नवा शब्द ध्वनीने मिळत्याजुळत्या ओळखीच्या शब्दाच्या चित्राशी जोडण्याची) उपयुक्तता कमी ठरवली, हे खरे. पण स्थानपद्धती त्या १० पद्धतींमध्ये नव्हती, आणि ज्या इतर पद्धतींना तोच खालचा दर्जा मिळाला त्यांत पुनर्वाचनही आहे, म्हणजे आपण तिसऱ्या आक्षेपात सुचवलेला उपायच. वरचा दर्जा दोनच पद्धतींना मिळाला: स्वतःची परीक्षा घेत राहणे आणि अभ्यास दिवसादिवसांत विभागणे. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा चार वेळा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी ८३ टक्के आठवला, तर एकदा वाचून तीन वेळा स्मरणातून लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्यानंतर मात्र पहिला गट ४० टक्क्यांवर घसरला आणि दुसरा ६१ टक्क्यांवर राहिला. शांतपणे वाचल्यावर ‘आले’ असे का वाटते आणि परीक्षेत ते का सापडत नाही, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

वेळेचा हिशेबही यावरूनच मांडावा. घर फक्त क्रमवार याद्यांसाठी असावे, आणि प्रत्येक यादीला वेगळे. त्याच खोल्यांत कोहलबर्गच्या नैतिक विकासाच्या पातळ्या कोंबल्या की एरिक्सनचे बाळ मध्ये मध्ये डोकावू लागते (अभ्यासक्रमातला व्यतिकरणाचा, म्हणजे एक आठवण दुसरीच्या आड येण्याचा, धडा असा फुकटात अनुभवता येतो). घर एकदा रचले की दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग आठवड्याने पुस्तक मिटून त्यातून फिरावे आणि प्रत्येक ठिकाणी थांबून, चित्रात नसलेले एक नवे उदाहरण कागदावर लिहावे. नाव आठवले पण उदाहरण सुचले नाही, तर तेवढाच परिच्छेद पुन्हा उघडावा. आपल्या विद्यार्थ्यांकडून हे करून घ्यायचे झाल्यास एरिक्सनपासूनच सुरुवात करावी असे मी सुचवेन, कारण त्या आठांपैकी निदान पाच अवस्थांतली माणसे त्यांना रोज दिसतात.