‘मेंढीला काहीही घाला, दूध तेच’ हे खरं नाही

एक मेसेज सध्या खूप फिरतोय: ‘मेंढीला काहीही चारा, कोठीपोटात सगळी चरबी सारखीच होते. दुधाची फॅट किती लागली तेवढं बघा. आणि हिरव्या चाऱ्याने दुधात ट्रान्स फॅट वाढते, म्हणजे उलट तोटाच.’ यातली अर्धी गोष्ट खरी आहे, म्हणून तो पटकन पटतो.

आधी कोठीपोट, म्हणजे चारा आंबवणारा मेंढीच्या पोटाचा मोठा कप्पा. तिथले जिवाणू चाऱ्यातल्या असंपृक्त मेदाम्लांना (मेदाम्लं म्हणजे चरबीचे घटक) हायड्रोजन जोडून ती संपृक्त करतात, कारण ती त्यांना घातक असतात. पण हे काम कधीच पूर्ण होत नाही. मधल्या टप्प्यावरचं व्हॅक्सेनिक आम्ल बाहेर निसटतं, रक्तातून कासेत पोचतं आणि तिथलं एक एन्झाइम त्याचं सीएलए (कॉन्जुगेटेड लिनोलेइक आम्ल, हेही एक मेदाम्लच) बनवतं. दुधातलं बहुतेक सीएलए असं कासेतच तयार होतं, पण त्याचा कच्चा माल चाऱ्यातून येतो.

आता मेंढी चरताना नीट बघा. दुभंगलेल्या वरच्या ओठाने ती जाड देठ सोडून कोवळं पातं खुडते. गवतातली चरबी मुख्यतः पानाच्या हिरव्या भागात असते आणि कोवळ्या गवतात तिच्यातला निम्म्याहून जास्त वाटा अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे ओमेगा-3 चा असतो. तेच गवत फुलोऱ्यावर आलं की पानं कमी आणि देठ जास्त. वाळवताना पानं झडतात, उरलेली चरबीही हवेने खराब होते. मक्याच्या दाण्यात मुळात ओमेगा-6 भरपूर. त्यामुळे सुक्या चाऱ्यावर आणि दाण्यावर ठेवलेल्या मेंढीच्या दुधाला 7 टक्के फॅट लागली, तरी त्यात ओमेगा-3 आणि सीएलए कमी असतात. खुराकात जवस घातली तर ओमेगा-3 वाढतं, आणि हा बदल काही आठवड्यांतच दुधात दिसतो.

फॅटच्या आकड्यावर तर मुळीच विसंबू नका. वेताच्या शेवटी मेंढीचं दूध कमी होत आलं की टक्केवारी आपोआप चढते. उपाशी मेंढी अंगची चरबी दुधात उतरवते, तेव्हाही ती चढू शकते.

ट्रान्स फॅटचा मुद्दा जरा वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेची एकूण ऊर्जेच्या 1 टक्क्याची मर्यादा नैसर्गिक ट्रान्स फॅटलाही लागू आहे, हे मान्य. पण कुरणावरच्या दुधातली ट्रान्स फॅट मुख्यतः व्हॅक्सेनिक असते आणि आपलं शरीरही तिच्यातल्या काही भागाचं सीएलए करतं. दाणा आणि तेल अती झालं की कोठीपोटातली वाट बदलते, ट्रान्स-10 नावाचे वेगळे ट्रान्स फॅट प्रकार वाढतात आणि दुधाची फॅटही घसरू शकते. म्हणजे या बाबतीतही चाराच ठरवतो.

मात्र दुसऱ्या टोकालाही जायला नको. 200 मिली दुधात साधारण 14 ग्रॅम फॅट, त्यात अल्फा-लिनोलेनिक 1 टक्का धरलं तर 0.14 ग्रॅम. प्रौढ माणसाला दिवसाला 1.1 ते 1.6 ग्रॅम लागतं. चमचाभर दळलेली जवस या दुधाच्या कितीतरी पुढे आहे.