आरशामागचे सिलिकॉन ताजेच असले पाहिजे

घरी दुर्बीण बांधणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांमधून सध्या एक संदेश फिरतो आहे. त्यात म्हटले आहे, की आरसा बैठकीला चिकटवायला वापरतात ते सिलिकॉन, म्हणजे रबरासारखा घट्ट होणारा गोंद, कधीच खराब होत नाही. घरात पडून असलेली जुनी ट्यूब आरसा बसवायला चालते, उलट तिला आंबूस वास कमी असल्याने आरशाचा मुलामा, म्हणजे समोरच्या बाजूचा चकचकीत धातूचा थर, सुरक्षित राहतो. पकड कमी वाटल्यास आरशाच्या सगळ्या पाठीवर इपॉक्सी हा कडक होणारा गोंद पसरावा. आणि आरसा पुन्हा बसवताना जुन्या थरावरच नवा थर द्यावा, असे त्यात सांगितले आहे. माझा भाचा नाशिकला २०० मिलिमीटर आरशाची दुर्बीण बांधतो आहे. हा संदेश वाचून त्याने न्हाणीघराच्या फटी बुजवून उरलेली ट्यूब बाहेर काढली, म्हणून हे उत्तर लिहिणे भाग पडले.

एकदा घट्ट झालेले सिलिकॉन वर्षानुवर्षे टिकते, ही गोष्ट खरी आहे. पण ती ट्यूबमधल्या सिलिकॉनला लागू होत नाही. ते नुसते वाळत नाही, हवेतल्या बाष्पाशी त्याची रासायनिक प्रक्रिया होऊन ते रबरासारखे बनते, आणि तेच बाष्प झाकणातून व प्लास्टिकमधून हळूहळू ट्यूबच्या आतही शिरत असते. अशा जुन्या मालाची काचेला धरण्याची क्षमता घटते आणि कधीकधी तो आतून चिकटच राहतो. यासाठी कोणा तज्ज्ञाची साक्ष काढायला नको. बनवणारी कंपनीच ट्यूबवर वापराची मुदत छापते, आणि ती उलटल्यावर पकडीची हमी तीही देत नाही.

वासाचा मुद्दा तर पूर्णपणे उलटा आहे. हा वास ॲसेटिक आम्लाचा असतो आणि प्रक्रिया चालू असताना ते आम्ल बाहेर पडते. म्हणजे ज्या प्रकारच्या सिलिकॉनला वास यायला हवा त्यालाच तो येत नसेल, तर ते घट्ट होत नसल्याची शंका घ्यायला हवी. मुलाम्याची काळजी वाटत असेल तर आम्ल न सोडणारे न्यूट्रल सिलिकॉन बाजारात मिळते. तेही ताजेच घ्यावे.

या सल्ल्याचा सर्वांत मोठा धोका दुय्यम आरशाला, म्हणजे मुख्य आरशाकडून आलेला प्रकाश बाजूला डोळ्याकडे वळवणाऱ्या छोट्या आरशाला आहे. दोन किलोच्या आसपास वजनाचा मुख्य आरसा निदान खालच्या बैठकीवर टेकलेला असतो, पण दुय्यम आरसा नळीच्या वरच्या टोकाशी ४५ अंशांत, तोंड खाली करून, बहुधा केवळ सिलिकॉनच्या आधारावर लटकत असतो. अर्धवट घट्ट झालेले सिलिकॉन आधी किंचित सरकते, त्यामुळे आरशांची जुळणी पुनःपुन्हा बिघडते. आणि ते सुटले की हा आरसा सरळ खाली, महिनोन्‌महिने घासून आकाराला आणलेल्या मुख्य आरशावर पडतो. एका ट्यूबची बचत करण्यासाठी हा धोका पत्करायला सांगणे मला अक्षम्य वाटते.

इपॉक्सीचा सल्लाही घातक आहे. नाशिकच्या हिवाळ्यात दुपार आणि पहाट यांच्या तापमानात २० अंशांचा फरक पडू शकतो. तेवढ्यात २०० मिलिमीटर लांबीवर ॲल्युमिनियमची बैठक साध्या काचेपेक्षा सुमारे ०.०५ मिलिमीटर जास्त आकुंचन पावते, आणि आरशाचा पृष्ठभाग तर ०.०००१ मिलिमीटरच्या आसपास अचूक असावा लागतो. कडक इपॉक्सी हा ताण थेट काचेवर टाकते आणि तारा ठिपक्याऐवजी लांबट दिसू लागतो. म्हणून सिलिकॉनचे तीनच गोळे, दोन ते तीन मिलिमीटर जाडीचे, द्यायचे असतात. जाडी राखण्यासाठी मध्ये आगकाड्या ठेवाव्यात आणि गोळे घट्ट झाल्यावर त्या काढून घ्याव्यात. सिलिकॉन कडेकडून आत, दिवसाला साधारण तीन मिलिमीटर या गतीने घट्ट होत जाते, त्यामुळे आठवडाभर आरशाला हात लावू नये.

जुन्या थरावर नवे सिलिकॉन नीट धरत नाही. तो थर पात्याने खरवडून काच ॲसिटोनने पुसावी, मुलाम्याच्या बाजूला मात्र ॲसिटोन लागू देऊ नये.

संदेशातली आणखी एक ओळ मात्र मान्य करावी लागते. ट्यूबच्या तोंडाशी घट्ट झालेला बुचासारखा भाग कापून टाकला की आतला माल पुष्कळदा चांगला निघतो. पण मुदत उलटलेली नसेल तरच, आणि तेव्हाही आधी काचेच्या तुकड्यावर एक गोळा लावून दोन-तीन दिवसांनी तो मधोमध कापून पाहावा. आत चिकटपणा उरला असेल किंवा गोळा काचेवरून सहज सोलून निघत असेल, तर ती ट्यूब न्हाणीघरासाठीसुद्धा ठेवू नये.